एक ट्यूब आणि कागदाचा पांढरा

आधी ड्रॉइंग पक्कं करा, मगच जलरंगाला हात लावा, असं आमच्यातले बरेच चित्रकला शिक्षक सांगतात. मी नाशिकमध्ये शिकवतो आणि नेमकं उलट सांगतो. ड्रॉइंग सुधारायचंय ना, मग जलरंगच करा. पेन्सिल खोडता येते, तैलरंग खरवडता येतो, पोस्टर कलरवर दुसरा थर चढवता येतो. जलरंग पारदर्शक. उजेड त्याच्या पातळ थरातून आत शिरतो आणि कागदावरून परत फिरतो, म्हणजे चित्रातला उजेड कागदाचाच. तो कुठे राखायचा हे ब्रश ओला करण्याआधीच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी समोरची वस्तू नीट बघावी लागते. एरवी बघतो कोण?

नवशिके येतात ते चोवीस ट्यूबांचा डबा घेऊन. मी त्यातली बर्न्ट अंबर तेवढी बाहेर ठेवतो आणि डबा मिटतो. त्या एका रंगात कांदा, तांब्या, दारातल्या चपला. पाणी वाढवलं की छटा फिकी, कमी केलं की गडद. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून गडद भाग वाटतो त्याहून जरा गडदच लावायचा, हे याच काळात अंगवळणी पडतं. कागद कापसाचा, तीनशे जीएसएमचा असावा हे खरंच. पण सरावाला त्याचे चार तुकडे करा, पाठची बाजूही वापरा. महागाचा आख्खा ताव समोर असला की हात चोरला जातो.

खरी कसोटी ओल ओळखण्याची. बोर्ड किंचित तिरका ठेवून भरल्या ब्रशने आडवे फटकारे मारायचे. प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंग साठतो, तो पुढच्या फटकाऱ्याने खाली ओढायचा. कागद चमकतोय तोवर सोडलेला दुसरा रंग छान पसरतो. चमक गेली पण ओल आहे, अशा वेळी पाण्याचा थेंब पडला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवून बघा. गार लागलं तर थांबा. मे महिन्यात गोदाघाटावर आकाशाचा वॉश खाली येईस्तोवर वर वाळलेला असतो. जुलैत चहा पिऊन आलं तरी ओलाच.

ही सगळी शिस्त कुठवर नेते ते बघायचं तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. दिवा घेतलेली स्त्री. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं (1882–1968), आणि चक्क जलरंगातलं. समोर उभी होती त्यांचीच मुलगी. सगळे ज्योतीकडे बघतात. तुम्ही ज्योतीला आडोसा केलेल्या हाताची बोटं बघा, त्यांतून झिरपणारा लालसर उजेड बघा.

एका रंगात कांदा गोल दिसायला लागला की मी दुसरी ट्यूब देतो, अल्ट्रामरीन ब्लू. बर्न्ट अंबरमध्ये ती मिसळली की घाटाच्या काळ्या दगडाचे सगळे राखाडी रंग मिळतात, आणि खरबरीत कागद असेल तर निळ्याचे कण खळग्यांत बसून दगडाचा पोत आपोआप येतो. काळ्या रंगाची ट्यूब डब्यात तशीच राहू दे. मला तरी ती लागत नाही.