श्वासातलं पाणी आणि सव्वा फूटपट्टी पाऊस

आरसा घे. तोंडाजवळ धर. आणि मोठ्ठा 'हाऽऽऽ' कर!

धुरकट झाला ना आरसा? आता त्यावरून बोट फिरव. ओलं लागलं! ते पाणी आहे, दोस्ता. आत्ता या क्षणी तुझ्या अंगातून बाहेर पडलेलं. दिवसभर, अगदी गाढ झोपेतसुद्धा, प्रत्येक श्वासाबरोबर आपण थोडं थोडं पाणी हवेत सोडतो. घामातून सोडतो. आणि सकाळी उठल्या उठल्या जिथे धावत जातो, तिथेही सोडतो!

आता ओळख पाहू. हे सगळं पाणी गोळा करून, स्वच्छ करून, पुन्हा पिणारी माणसं कुठे राहतात?

शी म्हणू नकोस! ती माणसं फार हुशार आहेत. आणि ती आपल्या डोक्यावर, सुमारे 400 किलोमीटर उंचीवर राहतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात! नोव्हेंबर 2000 पासून ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. आणि ते पळतं किती जोरात, माहीत आहे? दीड तासात पृथ्वीला एक फेरी! तुझे शाळेतले दोन-तीन पिरियड संपेपर्यंत त्यांची जगप्रदक्षिणा पूर्ण.

पण तिथे नळ नाही. विहीर नाही. नदी तर नाहीच नाही. पाणी न्यायचं तर रॉकेटमधून, आणि पाणी असतं जड. एक बादली उचलून जिना चढलं की कळतं! मग चारशे किलोमीटर वर न्यायचं म्हणजे केवढा खटाटोप!

म्हणून तिथे एका माणसाचं पिणं, जेवण, तोंड धुणं हे सगळं रोज साधारण 3.8 लिटरमध्ये भागवतात. आपल्याकडे खेड्यातल्या प्रत्येक माणसाला नळानं रोज 55 लिटर पाणी मिळावं, असं सरकारनं ठरवलं आहे. बघ, कुठे 55 आणि कुठे 3.8!

आता त्या पाणी परत पकडण्याच्या युक्तीकडे येऊ. आई किंवा बाबा भात शिजवताना पातेल्यावर झाकण ठेवतात. झाकण उचललं, की आतून टपटप थेंब. वाफ गार झाकणाला टेकली आणि तिचं पाणी झालं! स्थानकातली हवाही अशीच गार नळ्यांवरून फिरवतात. सगळ्यांच्या श्वासाचं आणि घामाचं पाणी तिथे थेंब थेंब जमतं.

लघवीचं काय करतात? तीही तापवतात, तिची वाफ करतात आणि ती वाफ पकडतात. पण इथे एक घोळ होतो. अवकाशात सगळं तरंगतं! बुडबुडे वर येत नाहीत, पाणी खाली बसत नाही. वर-खाली असं तिथे काही नसतंच. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? ते पिंपच गरगर फिरवलं! जत्रेतल्या चक्रीत बसल्यावर आपण कसे बाहेरच्या बाजूला ढकलले जातो, तसं पाणी पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतं आणि वाफ मधून निघून जाते.

तरीही शेवटी घट्ट, खारट रस उरतोच. पूर्वी तो टाकून द्यायचे. मग त्यावरून कोरडी, कोमट हवा फिरवणारं नवं यंत्र आलं आणि त्या रसातलंही पाणी निघालं. जून 2023 मध्ये नासानं जाहीर केलं, की आता 98 टक्के पाणी परत मिळतं. म्हणजे 100 पेले वापरले, तर 98 पेले परत! गाळून, शुद्ध करून, वर जंतू वाढू नयेत म्हणून चिमूटभर आयोडीन घालून.

आणि थांब, याहून मोठी गंमत सांगते! तिथले लोक पाणी नुसतं पीत नाहीत. ते पाण्यातून श्वासही घेतात! पाण्यात वीज सोडली, की त्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन खोलीत सोडायचा. उरलेला हायड्रोजन घ्यायचा, माणसांनी उच्छ्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, दोघांची गाठ घालून द्यायची. काय तयार होतं? पुन्हा पाणी! मला तर ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. टाकाऊ फारच थोडं. बहुतेक सगळं फिरून फिरून घरी येतं.

चल, आता खाली उतरू. थेट अहिल्यानगर जिल्ह्यात! तुझे आजी-आजोबा अजूनही त्याला 'नगर'च म्हणत असतील. क्षेत्रफळात हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. आणि पावसाच्या बाबतीत सगळ्यात अजब!

तुझी फूटपट्टी काढ. 30 सेंटिमीटरची. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात घाटघर नावाचं गाव आहे. कळसूबाईच्या डोंगररांगेतलं. तिथे चांगल्या पावसाळ्यात 4000 ते 5000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पडलेलं पाणी तसंच साठून राहिलं असतं, तर तुझ्या 13 ते 17 फूटपट्ट्या एकावर एक उभ्या कराव्या लागल्या असत्या! आणि त्याच जिल्ह्यात नगर शहराजवळ हिवरे बाजार नावाचं गाव आहे. तिथे? जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. सव्वा फूटपट्टीहून जरासा जास्त. संपला पाऊस!

असं का? समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. भिंतीच्या पलीकडे उरतात त्यांचे कोरडे भाऊबंद.

घाटघरजवळच्या रतनगडावर प्रवरा नदी उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण तिच्यावरच बांधलंय, आणि ते 1926 मध्ये पुरं झालं. शंभर वर्षांचं आजोबा धरण! तिथून प्रवरा अकोले, संगमनेर करत पार नेवाशाला येते, जिथे ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. मग प्रवरासंगमला गोदावरीच्या कुशीत. डोंगरातला धो धो पाऊस कोरड्या गावांपर्यंत पोचवायचं काम ही नदी करते.

पण हिवरे बाजारला अशी मोठी नदी नाही. त्यांच्यासाठी पाऊस हेच रॉकेट! वर्षातून एकदा येतं, सामान उतरवतं आणि निघून जातं. पुढचं रॉकेट थेट पुढच्या जूनमध्ये. मग जे उतरलं, ते वर्षभर पुरवायचं कसं?

आधी एक गणित. घाबरू नकोस, मजेचं आहे! गावाचं क्षेत्र आहे साधारण 975 हेक्टर. तेवढ्या जागेवर फक्त 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी? फूटपट्टीवरची सगळ्यात बारीक रेघ, तेवढाच पाऊस हं! उत्तर: जवळजवळ एक कोटी लिटर!

बाप रे! मग 400 मिलिमीटरचं किती? सुमारे 390 कोटी लिटर. इतकं पाणी असून गाव एकेकाळी तहानलेलं होतं. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडायच्या, माणसं कामासाठी गाव सोडून जायची. कारण पाणी यायचं आणि उघड्याबोडक्या डोंगरांवरून पळून जायचं. माती सोबत घेऊन!

1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं पळणाऱ्या पाण्याचा पाठलाग सुरू केला. डोंगरउतारावर आडवे चर खणले. त्यांना समतल चर म्हणतात. धावत आलेलं पाणी चरात पडतं. पुढे जाता येत नाही! मग बसतं आणि हळूहळू जमिनीत जिरतं. खाली ओढ्यावर बंधारे, पाझर तलाव. डोंगरावर झाडं. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत. लोकांनी श्रमदान केलं आणि विहिरींना पाणी आलं.

पण मला खरी कमाल वाटते ती पुढची. पाणी आलं म्हणून ते उधळलं नाही. मोजायला घेतलं! पर्जन्यमापकानं पाऊस मोजायचा. ठरलेल्या विहिरींमध्ये टेप सोडून पाणी किती खोल आहे ते बघायचं. मग ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. राहिलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाऊस कमी झाला? मग उन्हाळी पीक नाही. ऊस, केळी तर नाहीतच. शेतीसाठी खोल बोअर मारायची नाही. पद्मश्री पोपटराव पवारांचं गाव म्हणून लोक लांबून बघायला येतात, पण बघण्यासारखी चीज म्हणजे हा ताळेबंद!

अवकाश स्थानकातही असंच करतात. टाकीत किती, वापरलं किती, परत किती आलं. तिथे ते संगणक मोजतो. इथे विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस मोजतो.

आणि आता मोजणं आणखी गरजेचं झालंय. पृथ्वीची हवा तापतेय ना! हवा एक अंश सेल्सिअसनं तापली, की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. दप्तर मोठं झालं, की पुस्तकं जास्त कोंबता येतात तसं! मग ते दप्तर रिकामं होतं तेव्हा धबाधबा होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 पर्यंतचा पाऊस तपासला. 2017 मध्ये त्यांनी सांगितलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात फार मोठ्या भागावर एकदम कोसळणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झालेत! या पावसाची बरीचशी वाफ येते अरबी समुद्रावरून. म्हणजे आपलं रॉकेट आता वेळेवर येईना. कधी महिनाभर उघडीप, कधी एका दिवसात सगळं सामान अंगावर!

मग शास्त्रज्ञ काय करतात? काही जण थेट अवकाशातून जमिनीखालचं पाणी तोलतात! खरंच! मार्च 2002 मध्ये दोन जुळे उपग्रह सोडले होते. त्यांची लाडकी नावं ठाऊक आहेत? टॉम आणि जेरी! एक पुढे, एक मागे, मध्ये साधारण 220 किलोमीटर अंतर. खाली पाणी जास्त असेल, तर तिथे पृथ्वीची ओढ किंचित वाढते. पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि दोघांतलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदलतं. तेवढाही बदल ते पकडायचे! 2017 पर्यंत ते धावले. 2018 पासून त्यांची धाकटी जोडी धावतेय. वायव्य भारतात जमिनीखालचं पाणी झपाट्यानं कमी होतंय, हे या टॉम-जेरीनं दाखवलं.

पण एक लक्षात ठेव. त्यांना मोठमोठे प्रदेश दिसतात, एकटी विहीर दिसत नाही. हिवरे बाजारची विहीर मोजायला टेपच लागते!

आणि काही शास्त्रज्ञ झाडांचा घाम मोजतात. हो, झाडांनाही घाम येतो! मुळांनी प्यायलेलं बहुतेक पाणी पानं वाफ करून सोडून देतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले इरिगेशन शेड्युलर' नावाचं मोबाइल अॅप बनवलंय. ऊन किती, वारा किती, पीक कोणतं आणि केवढं झालंय, यावरून ते हिशोब करतं, की पिकानं किती पाणी सोडलं आणि आता किती द्यायचं. जेवढी तहान, तेवढंच पाणी!

अवकाशातही पुढे झाडं लागणारच. मंगळावर जायचं तर भाजी कोण पोचवणार? जून 2025 मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात गेले आणि तिथे 18 दिवस राहिले. त्यांनी तिथे काय भिजत घातलं, ओळख! मूग आणि मेथी! कर्नाटकातल्या धारवाडच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग तयार केला होता. अवकाशात बियांना मोड कसे येतात, ते बघायचं होतं. तुझ्या डब्यातली मेथी आणि स्थानकातली मेथी, एकाच घराण्यातली! आणि झाडांनी हवेत सोडलेलं पाणीही तिथे वाया जात नाही. ते त्याच गार नळ्यांवर जमतं आणि पिण्याच्या टाकीत जातं.

झाडाचा घाम तुला स्वतःला पकडायचाय? सोपं आहे! सकाळी उन्हातल्या झाडाची पानांनी भरलेली एक छोटी फांदी निवड. तिच्यावर कोरडी, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढव. तोंड दोऱ्यानं घट्ट बांध. पिशवीचा एक कोपरा खाली लोंबता राहू दे. दोन-तीन तासांनी ये आणि बघ. कोपऱ्यात पाणी! पिशवी हळूच काढ; तशीच ठेवलीस, तर पानं उन्हानं भाजतील. मग पाणी चमच्यानं मोज. एक पिशवी कडुलिंबाला, एक जास्वंदीला बांध. ढगाळ दिवशी पुन्हा करून बघ. घाम जास्त कुणाला येतो, आणि कधी? वहीत तारखेसकट लिहून ठेव!