नळीतला हवाना

विमानतळावरच्या करमुक्त दुकानात सिगारच्या लाकडी पेट्या काचेच्या कपाटात बंद असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत नळ्या मात्र गल्ल्याजवळ, हाताला लागतील अशा मांडलेल्या. पंचवीस सिगारच्या पेटीला हात घालायची ऐपत थोड्यांची. एक नळी मात्र साहेबासाठी किंवा सासऱ्यांसाठी कुणीही उचलतो. मग ती मुंबईच्या किंवा पुण्याच्या दिवाणखान्यात येते आणि शोकेसमध्ये स्कॉचच्या रिकाम्या बाटलीशेजारी उभी राहते. ‘सीलबंद आहे, तिला काय होतंय?’ हा घरोघरचा समज. नळी कारखान्यापासून खिशापर्यंतच्या प्रवासासाठी केलेली आहे, वर्षानुवर्षांच्या मुक्कामासाठी नव्हे, हे कुणी सांगत नाही. विकणारा तर नाहीच नाही.

सिगारला धातूची नळी चढवण्याची प्रथा रूढ करण्याचं श्रेय सहसा हवानाच्या ‘रोमिओ इ हुलिएता’ या छापाला दिलं जातं. हा छाप १८७५ सालचा. १९०३ मध्ये तो होसे रॉद्रिगेस फर्नांडेस ऊर्फ पेपिन यांनी विकत घेतला. पेपिन यांना जाहिरातीची नस बरोबर सापडली होती. आपल्या शर्यतीच्या घोडीचं नावसुद्धा त्यांनी हुलिएता ठेवलं होतं. १९३० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळं काढण्याची रीत सापडण्याआधी हा धातू चांदीच्या तोडीचा महाग होता. पुढे तो इतका स्वस्त झाला की एकदा ओढून संपणाऱ्या वस्तूचं वेष्टण त्याचं करणं परवडू लागलं. धातूच्या छोट्या चकतीवर दाब्याचा एकच जोरदार ठोका बसतो आणि चकतीची भिंत वर चढून नळी तयार होते; टूथपेस्टच्या जुन्या नळ्याही अशाच होत.

या छापाच्या नंबर एक, दोन आणि तीन या नळीतल्या सिगार आजही मिळतात. नंबर दोन १२९ मिलिमीटर लांब आणि ४२ रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. चर्चिल यांच्या नावाने ओळखली जाणारी थोरली सिगार १७८ मिलिमीटर आणि ४७ रिंगची, म्हणजे जाडीला पाऊण इंचाला किंचित कमी. चर्चिल पहिल्यांदा क्युबात गेले ते १८९५ मध्ये, स्पॅनिश फौजेबरोबर लढाई पाहायला, तेव्हा एकविशीच्या उंबरठ्यावर होते. पुढल्याच वर्षी पलटणीबरोबर ते बंगळूरला आले. सिगार त्यांना हवानाने लावली ती जन्माची.

झाकण फिरवून काढलं की आधी दिसते ती लाकडाची कागदाएवढी पातळ गुंडाळी. सिगार नखाने ओढून काढायची नाही. नळी तिरकी करून बुडावर दोन टिचक्या मारल्या की ती लाकडासकट तळहातावर सरकते. या लाकडाला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात, पण ते ना स्पेनचं ना देवदाराच्या कुळातलं. मध्य अमेरिकेतलं हे झाड महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तून त्याचा जवळचा भाऊबंद. ते ओल धरतं आणि सोडतं. सुवास तर असतोच. धातू यांतलं काहीच करत नाही, म्हणून नळीत ही गुंडाळी घालावी लागते.

आता ओलाव्याचा हिशेब. चर्चिल आकाराच्या सिगारचं वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. त्यात बारा-तेरा टक्के पाणी धरलं तर जवळजवळ दोन ग्रॅम झालं. नळीत सिगारभोवती उरते ती जेमतेम दहा-पंधरा मिलिलिटर हवा. सत्तर टक्के आर्द्रतेच्या एवढ्याशा हवेत पाण्याची वाफ मिलिग्रॅमचा छोटासा अंश असते. म्हणजे नळीतली हवा सिगारला ओलं ठेवत नाही. सिगारच त्या हवेला ओलं ठेवते. मग सगळं अडतं झाकणाशी. फिरकीचं असो की नुसतं दाबून बसवायचं, ते औषधाच्या बाटलीच्या बुचासारखं घट्ट नसतं. वाफ आत-बाहेर करत राहते, फक्त हळू. उघडी सिगार काही दिवसांत सुकेल, नळीतली काही आठवडे घेईल. बडा घर, पोकळ वासा, असा हा प्रकार.

सिगारला पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता आणि सोळा-अठरा अंश तापमान मानवतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते, नागपूरची गोष्टच वेगळी. मुंबईत जुलैमध्ये ती पंच्याऐंशीच्या वर दिवसेंदिवस ठाण मांडते. एकीकडे वरचं पान ठिसूळ होऊन तडकतं, दुसरीकडे ते फुगून फाटतं आणि बुरशी धरते. पांढरी पूड दिसली की ‘मुरलेली आहे’ म्हणून फुशारकी मारणारे भेटतात. ती पूड बहुतेक वेळा बुरशीच असते. हिरवट-निळसर आणि लोकरीसारखी दिसली तर शंकाच नको. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात नळी विसरणं सर्वांत वाईट, कारण अ‍ॅल्युमिनियम उष्णता क्षणात आत पोचवतं.

उष्म्याचा दुसरा धोका जिवंत असतो. तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. हाच आपल्या हळदीत आणि लाल तिखटात होतो. तूतनखामनच्या थडग्यातही तो सापडला आहे. पानात अंडी आधीपासून असतात, तापमान पंचविशीच्या वर रेंगाळलं की अळ्या निघतात आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. इथे मात्र नळीची बाजू घ्यायला हवी. भुंगेरा झाला तरी तो त्याच नळीत कोंडला जातो, शेजारच्या वीस सिगार वाचतात. शंका आली तर नळी पिशवीत घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. घाईने बाहेर काढली तर पान तडकतं.

शौकिनांत एक जुना वाद आहे: ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटीत, नळी झाकणासह ठेवायची, झाकण काढून, की सिगार बाहेर काढून? माझं मत सांगतो. दोन-तीन महिन्यांत ओढायची असेल आणि पेटी चांगली असेल, तर झाकण काढून नळीतच ठेवावी. लाकडाचा वास टिकतो आणि हवा खेळती राहते. वर्षभर किंवा अधिक मुरवायची असेल तर बाहेर काढावी, कारण बंद नळीत काय चाललंय ते दिसत नाही. पेटीच नसेल तर झाकण घट्ट लावून, नळी ओलावा राखणाऱ्या तयार पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. मसाल्याच्या कपाटात तर मुळीच नको. आंधळी खरेदी हा नळीचा मोठा दोष. पेटीतली सिगार बोटाने हलकेच दाबून, रंग पाहून घेता येते, नळीत नशिबावर हवाला.

ओढायच्या आधी सिगार दोन बोटांत फिरवून पाहावी. दाबल्यावर जराशी दबून परत आली तर ठीक, कुरकुरली तर नुसत्या ओलाव्याने तिचा जीव परत येत नाही. टोकाची टोपी दीडदोन मिलिमीटरच कापायची. जास्त कापली की पान सुटतं. नळीतली लाकडी गुंडाळी फेकू नये, तिची पातळ पट्टी पेटवून सिगार पेटवण्याची जुनी रीत आहे आणि ती लायटरच्या पेट्रोलच्या वासापेक्षा कितीतरी बरी. आधी टोक ज्योतीपासून थोडं लांब धरून शेकायचं, मग फुंकर घालून निखारा सगळीकडे सारखा लागला का ते बघायचं. मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली तर धूर तापतो आणि चव कडवट होते. चर्चिल आकाराला तासाच्या वर लागतो. संपत आली की चिरडू नये, ठेवून द्यावी, ती आपोआप विझते.

धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, हे मात्र खोटं. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. रोज वीसेक सिगार ओढणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या जबड्याचा कर्करोग १९२३ मध्ये निघाला. त्यानंतर १९३९ पर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, हेही परदेशाहून येणाऱ्या पाहुण्याला सांगायला हवं.

तर शोकेसमध्ये एखादी नळी वर्षभरापासून उभी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत झाकण फिरवून आत डोकवा. लाकडाचा वास येत असेल आणि पान लवचीक असेल तर ओढणाऱ्या एखाद्या मित्राला ती याच महिन्यात द्या. बुरशी किंवा भोकं दिसली तर कचऱ्यात टाका. आणि तुम्ही ओढतच नसाल, तर केवळ नळी हाताशी आहे म्हणून सुरू करू नका.