लसूणघास उंची बघून नको, फूल बघून कापा

मैत्रिणींनो, दूध संस्थेचं बिल हातात पडतं तेव्हा त्यातून पशुखाद्याच्या पोत्यांची रक्कम आधीच कापलेली असते. पोतं आपण घेतो ते मुख्यतः प्रथिनांसाठी. ती प्रथिनं लसूणघासात आणि चवळीतही असतात. पण वैरण कधी कापली, यावर त्यातली किती म्हशीच्या पोटात जाणार हे ठरतं.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या दिवसांत वाडं मुबलक मिळतं. वाड्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी. शिवाय त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते जनावराच्या अंगी लागू देत नाही. वेळेवर कापलेल्या लसूणघासात वाळलेल्या वजनावर साधारण १८ ते २० टक्के प्रथिनं असतात आणि कॅल्शियमही भरपूर.

"अजून वाढू दे, भारा मोठा होईल," असं आपण म्हणतो. भारा मोठा होतो खरा, पण वाढतो तो दांडा. पानात दांड्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. फुलोरा सरला की खालची पानं गळतात, दांडा लाकडासारखा होतो आणि म्हैस तो गव्हाणीतच टाकते.

मग कापायचं कधी? पेरणीनंतर पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, पुढच्या दर २५ ते ३० दिवसांनी. दहा झाडांत एखाद्याला फूल दिसलं की विळा घ्या. दांडा मोडून बघा : कट्कन मोडला तर कोवळा, नुसता वाकला तर जून. जमिनीपासून चार बोटं वर कापा, म्हणजे फुटवा चांगला येतो. चवळी निम्मी फुलली की कापा, शेंगा भरायची वाट बघू नका.

फार लवकरही कापू नका. मुळांत साठा होत नाही आणि पीक लवकर विरळ होतं. कोवळा, दवानं ओला घास उपाशी जनावरानं एकदम खाल्ला तर पोट फुगतं. आधी पिंजर किंवा कडबा घाला, मग घास वाड्यात मिसळून द्या. डावी कूस फुगलेली दिसली तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

खरी अडचण वेगळीच आहे. आपण रोज थोडं-थोडं कापतो. एका टोकापासून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथला घास जून झालेला असतो. यावर उपाय सोपा आहे. रानाचे २८ सारखे वाफे पाडा आणि रोज एक कापा. शेवटचा वाफा संपतो तोवर पहिला पुन्हा तयार होतो. वाफ्यातला घास उरला तर सावलीत वाळवा. कडक उन्हात पानं चुरा होऊन झडतात, हातात नुसता दांडा राहतो.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या रानातला मूठभर घास घेऊन या. पानं एकीकडं, दांडे एकीकडं करून तागडीत घालू. कुणाचं पारडं कुठं झुकतं ते सगळ्याजणी मिळून बघू.