बंद बाथरूम, गॅस गीझर आणि छतावरचे ऊन

थंडी पडू लागली की आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, हाका मारून उत्तर नाही, शेवटी दार तोडावे लागले. भिंतीवर गॅस गीझर आणि गार वारा येतो म्हणून खिडकी बंद. माणूस अनेकदा तरुण, धडधाकट असतो. त्यामुळे घरच्यांना आधी फीट किंवा हृदयविकाराचीच शंका येते.

घडते ते असे. जळताना भरपूर प्राणवायू मिळाला, तर एलपीजीपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. चिमुकल्या बंद बाथरूममध्ये प्राणवायू झपाट्याने घटतो, ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला ना रंग, ना वास. (गॅसगळतीचा वास हा मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, इथे त्याचा उपयोग नाही.) रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी काढायला हवी हे कळेपर्यंत हात उचलत नाही.

आणखी एक फसवणूक आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते. म्हणून दवाखान्यात ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता’ हे न विचारता सांगा. त्याआधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांक फिरवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास.

गॅस गीझर वापरायचाच असेल, तर तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. एक्झॉस्ट फॅनवर भिस्त ठेवू नका; थंडीत तो कुणी लावत नाही.

मग दुसरे काय? आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते, त्यामुळे गरम पाणी हवे तेव्हाच सोलर उत्तम चालतो. त्याच्या दुहेरी काचेच्या नळ्यांमध्ये थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी असते. बाहेर गारठा असला तरी आतली उष्णता निसटत नाही. अडचण उंच इमारतींची. गच्ची एक आणि बिऱ्हाडे चाळीस. शिवाय बोअरचे पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात.

इथे हीट पंप उपयोगी पडतो. हा म्हणजे उलटा फ्रिज: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साध्या विजेच्या गीझरला जवळपास तीन युनिट लागतात, हीट पंपाला साधारण एक. नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात बहुसंख्य घरे यावरच ऊबदार राहतात. आपली हवा तर त्याला फारच सोयीची. कोकणातल्या पावसाळ्यात, सोलर रुसून बसतो तेव्हाही हा चालतो. किंमत मात्र अजून साध्या गीझरच्या कितीतरी पट आहे, आणि दोन माणसांच्या घरात ती वसूल होईल असे मला वाटत नाही. सोसायटीने एकत्र बसवला तर गणित बदलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत छतावरच्या सौर विजेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्याच विजेवर हीट पंप चालवता येतो.

वीज वाचवण्यासाठी टाकीचे तापमान कायम कमी ठेवू नका. कोमट साठवणीत लीजनेला हे न्यूमोनियाचे जिवाणू वाढतात, म्हणून साठवलेले पाणी ६० अंशांवर ठेवावे असा सल्ला दिला जातो. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, आणि सोलरचे पाणी उन्हाळ्यात त्याहून तापते. बादलीत आधी गार पाणी सोडा, मग गरम.