कोपऱ्यापासून धरा

मुलुंडमधल्या एका शाळेच्या मैदानावर हँडबॉलचे गोलपोस्ट रंगवणं चाललं होतं. पावसाळ्याने लोखंड खाल्लेलं. पॉलिश पेपरने गंज घासून, रेड ऑक्साइडचा हात मारून वर पांढरा ऑइलपेंट दिलेला. तो वाळला होता. आता लाल पट्टे. रंगारी मास्किंग टेप घेऊन खांबाच्या बुडाशी वाकला, तसे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मामा, खालून नको. कोपऱ्यापासून धरा."

या सांगण्यात सगळं गणित आहे. खांब आणि आडवा दांडा 8 सेंटिमीटर जाडीचे चौकोनी. पट्टा 20 सेंटिमीटरचा, एकाआड एक रंगाचा. फक्त खांब आणि दांडा जिथे मिळतात, तिथे दोन्हीकडे 28 सेंटिमीटरपर्यंत एकच रंग. हा 28 आकडा आधी खटकतो. पण त्यातले 8 कोपऱ्याच्या जाडीत जातात आणि आतल्या बाजूला नेमके 20 उरतात. म्हणजे गोलच्या आत उभं राहून मोजलं, तर खांबावर 10 पट्टे भरतात आणि दांड्यावर 15. उंची 2 मीटर, रुंदी 3 मीटर! कोपरा लाल असेल, तर जमिनीला टेकणारा पट्टा पांढराच यायला हवा. गोलपोस्टचं माप गोलपोस्टवरच लिहून ठेवलेलं असतं, हे मला फार सुंदर वाटतं.

दोन रंग का? ते एकमेकांत आणि मागच्या पार्श्वभूमीत मिसळू नयेत, असा नियमच आहे. खेळाडू 6 मीटरच्या रेषेबाहेरून उडी घेतो आणि हवेत असतानाच चेंडू फेकतो. मागे चुन्याची भिंत असली, तर नुसता पांढरा खांब त्याला दिसणार कसा? अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनातले गोलपोस्ट मात्र पांढरेशुभ्र, कारण फुटबॉलचा नियम तोच रंग मागतो. फुटसालचा गोल हँडबॉलच्याच मापाचा, पण तिथे रंग मैदानाहून वेगळा असला की पुरे.

खाली गोलरेषा आखतानाही सरांनी टेप लावून घेतली. मैदानावरच्या इतर रेषा 5 सेंटिमीटरच्या, पण दोन खांबांमधली 8 सेंटिमीटरची, खांबाच्या जाडीइतकीच. चेंडू ती पूर्ण ओलांडून गेला, तरच गोल.

समोरचा गोल रंगवताना पट्ट्यांनी एक गोष्ट उघड केली. कोपऱ्यापासून उतरत आल्यावर शेवटचा पट्टा 14 सेंटिमीटरवरच संपला. तिथे पेव्हर ब्लॉक चढवताना खांब होते तिथेच राहिले होते. मुलं 6 सेंटिमीटरने बुटक्या गोलवर सराव करत होती. रंगकाम तिथेच थांबवून वेल्डरला बोलावणं गेलं.

तुमच्या मुलांच्या शाळेत हँडबॉलचं मैदान असेल, तर तिथला सगळ्यात खालचा पट्टा एकदा मोजून पाहा.