निवृत्तांचा छंद, संकटातील आधार : हौशी रेडिओ

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे तालुक्याचे ठिकाण श्रीबालाजीच्या देवस्थानासाठी सर्वपरिचित आहे. अशा लहान शहरांत डाक-तार, पोलीस बिनतारी विभाग, वीज मंडळ, शाळा आदी सेवांतून निवृत्त झालेली मंडळी स्थायिक होतात. १४ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली. मात्र तारयंत्राचा ‘कडकट्ट’ हौशी रेडिओच्या रूपाने आजही ऐकू येतो. तारुण्यात जडलेला आणि बदल्या व संसार यांत मागे पडलेला हा छंद निवृत्तीनंतर पुन्हा हाती घेता येतो.

हौशी रेडिओ म्हणजे व्यक्तीने स्वतःचे बिनतारी केंद्र चालवून अन्य हौशी केंद्रांशी साधलेला संवाद. अशा व्यक्तीस ‘हॅम’ म्हणतात. या केंद्रावरून व्यापारी संदेश वा गुप्त भाषेतील मजकूर पाठविता येत नाही. केंद्र शासनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर परवाना व संकेतनाम मिळते. भारतीय संकेतनामाचा प्रारंभ सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते. जुन्या परवान्याची मुदत संपली असल्यास नवा परवाना मिळेपर्यंत प्रक्षेपण करता येत नाही.

लघुलहरी वातावरणातील आयनांबर या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी साधारण २० मीटर लांबीची, मधोमध जोड दिलेली तार आकाशक म्हणून पुरते. महानगरातील सदनिकेत एवढी तार ताणणे कठीण असते. लहान गावातील अंगण व गच्ची त्यासाठी सोयीची ठरतात. अनेक संच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. त्यामुळे वीज खंडित झाली तरी संवाद थांबत नाही.

या छंदाचे सामाजिक मोल येथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी केंद्र चालविण्यासाठी अंदमानात गेलेले होते. दूरध्वनी ठप्प झाल्यावर त्यांच्या केंद्राने बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राखला.

तथापि, संकटाच्या दिवशी नुसता संच उपयोगी पडत नाही. क्षीण ध्वनीतून नेमका मजकूर टिपणे, नावे व आकडे अचूक सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे नित्य सरावानेच साधते. नोकरदारास त्यासाठी सवड मिळत नाही. निवृत्त व्यक्तीपाशी वेळ आणि शिस्त दोन्ही असतात. २००३ च्या जागतिक परिषदेत मोर्स लिपीची आंतरराष्ट्रीय सक्ती दूर झाली. त्यामुळे नवागताचा मार्गही सुकर झाला.

शिक्षकांना या छंदातून विद्युत्‌चुंबकीय लहरींचा पाठ प्रत्यक्ष दाखविता येईल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अंतराळवीरही हौशी रेडिओद्वारे शालेय विद्यार्थ्यांशी बोलतात. पंचायत सदस्यांनी आपल्या परिसरातील अशा जाणकारांची नोंद ठेवून आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात त्यांना सामावून घेतल्यास एका व्यक्तीचा विरंगुळा साऱ्या गावाचा आधार ठरू शकेल.