स्थलांतर आणि विकास संशोधन (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील स्थलांतर आणि विकास संशोधन हे अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि नगरनियोजन या विद्याशाखांच्या सीमेवर वाढलेले अभ्यासक्षेत्र आहे. माणसे कामासाठी कोठून कोठे जातात, त्यामुळे सोडलेल्या गावाचे आणि गाठलेल्या शहराचे काय होते, आणि या हालचालीला विकासाचे लक्षण मानावे की विकास न पोहोचल्याचे, हे त्याचे मूळ प्रश्न आहेत. बहुतेक विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे या क्षेत्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी मोजक्या संस्थांचा आणि तेथे काम केलेल्या संशोधकांच्या कारकिर्दींचा इतिहास ठरतो. पुणे आणि मुंबई ही त्याची दोन जुनी केंद्रे होत. पुण्यालगतचा पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हिंजवडी हा औद्योगिक पट्टा हे त्याचे अलीकडचे क्षेत्र असून, या विषयातील जुन्या व्याख्या कोठे अपुऱ्या पडतात ते तेथे स्पष्ट दिसते.

गोखले संस्था आणि फेरपाहणीची पद्धत

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ (१९०१–१९७१) होते आणि १९६६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा केंब्रिज येथील प्रबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची कुटुंबवार सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि समाजशास्त्रीय भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर नी. वि. सोवनी, द. प्र. आपटे आणि र. गो. पेंडसे यांनी त्याच शहराची फेरपाहणी करून रोजगार व मिळकतीतील बदल नोंदवले (१९५६). एकदा पाहिलेल्या ठिकाणी काही वर्षांनी पुन्हा जाणे, ही संस्थेची या विषयाला मिळालेली सर्वांत मोलाची देणगी होय. स्थलांतर ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया असल्याने एका वेळच्या पाहणीत तिचा केवळ एक क्षण सापडतो.

सोवनी यांचे नाव याखेरीज एका सैद्धांतिक वादासाठी घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातील देशांत ‘अतिनागरीकरण’ झाले आहे, म्हणजे उद्योगांच्या वाढीला पेलणार नाहीत इतकी माणसे खेड्यांतील दारिद्र्याने ढकलली जाऊन शहरांत लोटली आहेत, असा विचार तेव्हा प्रचलित होता. सोवनी यांनी १९६४ मधील लेखात या कल्पनेच्या मोजमापालाच आव्हान दिले. पाश्चात्त्य देशांच्या इतिहासातून काढलेले नागरीकरण आणि औद्योगिकीकरण यांचे प्रमाण इतर देशांना मापदंड म्हणून का लावावे, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रामीण रेटा हेच शहरवाढीचे मुख्य कारण असल्याचा पुरावाही त्यांना पुरेसा वाटला नाही. स्थलांतरितांकडे शहरावरील भार म्हणून पाहण्याची सवय धोरणकर्त्यांत आजही आढळते. तिचा एवढा नेमका प्रतिवाद पुण्यात बसून झाला होता, हे फारसे आठवले जात नाही.

याच संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी लोकसंख्याशास्त्रातील संशोधनाबरोबर महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतील स्त्रियांच्या कामाचा अभ्यास केला. गावात काम मिळाले तर गाव सोडावे लागणार नाही, हा या योजनेमागील एक विचार असल्याने तो अभ्यास स्थलांतराच्या प्रश्नाशी थेट जोडला जातो. सुलभा ब्रह्मे यांनी पानशेत पुरानंतरच्या पुण्यातील पुनर्वसनावर प्रकाश गोळे यांच्यासह लिहिले आणि पुढे विकासविषयक प्रश्नांवर मराठीत पुस्तिकाही लिहिल्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातील पाच कारखान्यांच्या कामगारांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले.

गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते. पाहणी, संस्थाउभारणी आणि धोरण असा हा क्रम त्या पिढीच्या कारकिर्दींत सहज जुळत असे.

मुंबईतील लोकसंख्याशास्त्र

मुंबईत चेंबूर येथे १९५६ मध्ये लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. हीच पुढे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था झाली आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. के. सी. झकारिया यांनी या केंद्रात असताना जनगणनेच्या सारण्यांवरून १९०१ ते १९३१ या काळातील भारतीय उपखंडातील अंतर्गत स्थलांतराचा अंदाज बांधला (१९६४). त्यानंतर बृहन्मुंबईतील स्थलांतरितांवरील त्यांचे पुस्तक आले (१९६८). पुढे ते जागतिक बँकेत गेले, आणि तेथून परतल्यावर तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्रात एस. इरुदया राजन यांच्यासह त्यांनी १९९८ मध्ये केरळ स्थलांतर पाहणी सुरू केली. ही पाहणी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा होत राहिली आणि परदेशातून येणारा पैसा कोणत्या घरात कसा खर्च होतो, इथपर्यंतचे तपशील तिच्यातून मिळाले. याच धर्तीवर २००८ मध्ये गोव्यातही स्थलांतराचा अभ्यास झाला. जिचा पाया मुंबईतील कामात होता ती नियमित पाहणीची परंपरा महाराष्ट्रात मात्र राज्यपातळीवर उभी राहिली नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे गावाशी टिकून राहिलेले नाते हा इतिहासकारांचाही विषय झाला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील ग्रंथात दाखवले, की गावाकडची जमीन आणि नातीगोती यांमुळे कामगार अर्धवट औद्योगिक राहिला असे म्हणता येत नाही. संपाच्या आणि बेकारीच्या काळात शहरात तग धरण्यासाठी त्याला तोच आधार होता. अर्थशास्त्रज्ञ चिन्मय तुंबे यांनी रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतील बाहेर जाण्याची प्रथा शतकभर टिकून राहिल्याचे मांडले. भारतीय स्थलांतराचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सोडलेले गाव

शहरांच्या अभ्यासात जे निसटते ते गावातून पाहिल्यास दिसते. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांतील आलेख मांडला (१९८६). पुरुष मुंबईला आणि स्त्रिया घरी, हे त्या पुस्तकाच्या शीर्षकातच आहे. मुंबईच्या पगारामुळे गावातील घरे तगून राहिली. शेती, गुरे आणि म्हाताऱ्या माणसांचा भार मात्र मागे राहिलेल्या स्त्रियांवर पडला. दांडेकर अमेरिकेत नगरनियोजनाच्या प्राध्यापक होत्या. अमेरिकी विद्यापीठातील कारकीर्द आणि दख्खनमधील एका गावाशी दीर्घकाळ राखलेला संबंध अशी ही सांगड होती.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमध्ये अनेक दशके क्षेत्रकार्य केले. बार्डोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या उसाच्या तोडणीसाठी खानदेशातून येणाऱ्या मजुरांवरील त्यांचे लेखन १९७८ पासून प्रसिद्ध आहे. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते आणि हंगाम संपल्यावर हिशेबात पुन्हा देणेच उरते, ही महाराष्ट्राला परिचित पद्धत आहे. स्थानिक मजूर उपलब्ध असताना बाहेरचे मजूर का आणले जातात, या प्रश्नाचे ब्रेमन यांचे उत्तर असे, की परक्या मुलखातील, कर्जाने बांधलेल्या मजुरावर ताबा ठेवणे सोपे असते.

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हिंजवडी

गाडगीळ यांच्या पाहणीच्या काळात पिंपरी आणि चिंचवड ही पुण्याबाहेरची गावे होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथे वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ मध्ये सुमारे १० लाख असलेली तिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७,२७,६९२ झाली. जन्मदराने एवढी वाढ होत नाही. ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांची आणि हद्दीत मिळालेल्या गावांची आहे. पुढे चाकणमध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ आणि महिंद्रा यांचे कारखाने आले. जुन्या कारखान्यांतील कायम नोकरी, वसाहत आणि कामगार संघटना यांच्या जागी कंत्राटी व प्रशिक्षणार्थी कामगार हा नवा नमुना पट्ट्यात रुळला.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनीवर महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले. येथे स्थलांतराचे निदान तीन प्रवाह एकत्र येतात. पहिला, देशभरातून आलेल्या संगणक अभियंत्यांचा. दुसरा, त्यांच्या कचेऱ्या आणि निवासी इमारती बांधणाऱ्या, तेथे पहारा देणाऱ्या व स्वयंपाक-सफाई करणाऱ्या श्रमिकांचा. त्यांत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर कर्नाटकापासून बिहार, ओडिशापर्यंतची माणसे आहेत. तिसरा प्रवाह हंगामी आहे. जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊसतोड मजुरांच्या खोपी आणि काचेच्या इमारती यांत फार अंतर पडत नाही. याशिवाय येथील मूळ शेतकरी कुटुंबे कोठेही न जाता शेतीतून घरभाडे, वाहतूक आणि कंत्राटे या व्यवसायांत गेली आहेत.

माहिती तंत्रज्ञानातील कामगारांवरील पायाभूत अभ्यास हिंजवडीपेक्षा बेंगळुरू आणि हैदराबाद येथे झाले. कॅरल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांच्या बेंगळुरूतील संशोधनातून (२००८) असे दिसले, की या उद्योगाने संधीची दारे उघडली असली तरी त्यांतून आत जाणारे बहुतांश शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. श्यांग ब्याव यांनी हैदराबादहून ऑस्ट्रेलियापर्यंत जाणारी, संगणक तंत्रज्ञ भाड्याने पुरवणारी दलालांची साखळी उलगडली (२००७). ए. अनीश यांनी ‘आभासी स्थलांतर’ ही संकल्पना मांडली (२००६): माणूस भारतातच राहतो, त्याचे श्रम मात्र तारेवरून अमेरिकेत पोहोचतात. रात्रपाळीची बस पकडणाऱ्या हिंजवडीतील कर्मचाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. या पट्ट्यातील जमिनीच्या रूपांतरावर मात्र ठोस काम झाले आहे. साई बालकृष्णन यांनी २०१९ मधील ग्रंथात मगरपट्टा, लवासा आणि चाकणजवळील खेड या प्रकल्पांतून, शेतकरी जमीन विकून बाहेर पडतात की भागधारक म्हणून आत राहतात, याचा शोध घेतला.

मोजणीतील पेच

जनगणनेत जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण यांवरून स्थलांतरित ठरतो. या व्याख्येनुसार २०११ मध्ये भारतात सुमारे ४५.६ कोटी स्थलांतरित होते. त्यांत विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी आहे. नोंदीत एकच कारण येत असल्याने लग्नानंतर पुण्यात येऊन हिंजवडीत नोकरी करणारी अभियंता ‘विवाह’ या रकान्यात जाते. ऊसतोड मजुराची अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७–०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी अशी मर्यादा ठेवली होती. हंगाम लांबला की मजूर या व्याख्येबाहेर पडतो, आणि जनगणनेत तो बहुधा आपल्या गावचा रहिवासीच असतो. वाकड किंवा थेरगावातून रोज हिंजवडीला जाणारा माणूस महानगरपालिकेची हद्द ओलांडतो, तरीही त्याचा हा प्रवास स्थलांतरात धरला जात नाही.

२०१६–१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकड्यांवरून राज्याराज्यांतील कामासाठीचे स्थलांतर वर्षाला सुमारे ९० लाख असल्याचा अंदाज केला. २०२० च्या टाळेबंदीत महामार्गांवरून चालत निघालेल्या मजुरांनी आकड्यांतील ही पोकळी सर्वांसमोर आणली. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. तोपर्यंत या पट्ट्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला २०११ चेच आकडे वापरावे लागतात.

संशोधकाची वाट

या विषयात येणारा विद्यार्थी सहसा अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल किंवा समाजकार्य यांत पदव्युत्तर पदवी घेतो. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट किंवा सेट आवश्यक असते. महाराष्ट्रातील सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची काही वर्षे निभावतात. त्यानंतरच्या वाटा फुटतात: मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्था, परदेशी विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था, किंवा एखाद्या प्रकल्पावरील मुदतबंद नेमणूक. कायम पदांची भरती रखडल्याने अनेक पात्र उमेदवार तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना शिकवलेल्या तासांचेच मानधन मिळते, संशोधनासाठी वेळ किंवा रजा नसते. ज्यांच्याविषयी ते लिहितात त्या कंत्राटी कामगारांशी त्यांच्या सेवाशर्तींचे साम्य वरवरचे नाही.

प्रकल्पाची मुदत दोन-तीन वर्षांची, तर फेरपाहणीला दहा-वीस वर्षे लागतात. नेमणूक बदलली की क्षेत्र बदलते, आणि पहिल्या पाहणीच्या कुटुंबांच्या याद्या, नोंदवह्या व ओळखी मागे राहतात. सुगाव किंवा बार्डोलीसारखे अभ्यास शक्य झाले ते एका व्यक्तीने किंवा संस्थेने तेच ठिकाण दीर्घकाळ धरून ठेवल्यामुळे. हिंजवडीसारख्या ठिकाणी ही अडचण दुहेरी होते, कारण संशोधक आणि उत्तर देणारा दोघेही पुढच्या फेरीपर्यंत तेथे असतीलच असे नाही. बांधकाम संपले की मजुरांची वस्ती उठते. भाडेकरार संपला की अभियंता घर बदलतो.

भाषेचाही प्रश्न आहे. मुलाखती मराठी, हिंदी, कन्नड किंवा ओडियात होतात, बढतीसाठी मोजले जाणारे लेख मात्र बहुधा इंग्रजीत लिहिले जातात. मुंबईहून निघणारे इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली आणि गोखले संस्थेचे अर्थविज्ञान ही या विषयाची महत्त्वाची नियतकालिके इंग्रजीच आहेत. मराठीत समाज प्रबोधन पत्रिकेसारखी मोजकीच नियतकालिके असे लेखन छापतात, त्यामुळे माण किंवा चाकणमधील जमीन गेलेल्या कुटुंबांवरचा अभ्यास त्या कुटुंबांच्या हाती क्वचितच पोहोचतो.